झाडावरच्या घरात सहकुटुंब मुक्काम : वायनाडचा बेत उलट्या क्रमाने आखा

केरळातल्या वायनाडला झाडावरच्या घरात राहायला जाणाऱ्या कुटुंबांचं गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतं. आधी फोटो बघून खोली बुक होते, मग रजा टाकली जाते, मग तिकिटांची शोधाशोध सुरू होते, आणि आजी वर चढणार कशी हा प्रश्न थेट झाडाखाली उभं राहिल्यावर पडतो. आमचंही हेच झालं होतं. रात्रीचे साडेआठ, वरून पाऊस, हातात मोबाइलची बॅटरी. आईने चपलेच्या टोकाने जिन्याची पहिली पायरी चाचपली, मान वर करून बघितलं आणि छत्री मिटत म्हणाली, "मी खालीच बसते, तुम्ही या जाऊन." तीन रात्रींचे पैसे भरलेले होते. आई त्या तिन्ही रात्री ऑफिसमागच्या खोलीत झोपली.

पुढच्या खेपेला मी सगळा क्रम उलटा केला. आधी माणसं, मग महिना, मग जिना, आणि पैसे सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे वायनाडमधल्या वैतिरी, लक्किडी, मेप्पाडी या भागासाठी लिहिले आहेत. ताम्हिणी किंवा पाचगणीच्या बाजूला असं घर घेणार असाल तर प्रवास आणि हवामान सोडून बाकी सगळं तसंच लागू पडेल.

## टप्पा १ : आधी माणसांची यादी

एका कागदावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. समोर चार गोष्टी : गुडघे कसे आहेत, उंचीची भीती वाटते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, आणि घाटात गाडी लागते का. हा कागद घरातल्यांसमोर भरू नका. "मला काय होतंय, मी रायगड चढलोय" असं काका म्हणणारच. रायगड कधी चढला होता ते मनातल्या मनात विचारा.

यादीत जो सगळ्यात कमी चढू शकतो, त्याच्यावरून बेत ठरवा. गुडघेदुखीचं माणूस असेल तर चांगला उपाय म्हणजे एकाच आवारात झाडावरचं एक घर आणि जमिनीवरची एक कॉटेज घेणं. एक रात्र तुम्ही वर, दुसऱ्या रात्री अदलाबदल. मुलांनाही दोन्ही रात्री वर काढायच्या नसतात, हे अनुभवाने सांगतो. दुसऱ्या रात्री त्यांना खाली पळायला अंगण हवं असतं.

खबरदारी : लहान मुलांना उंच झाडावरच्या घरात ठेवायला अनेक मालक नकार देतात. वयाची अट प्रत्येकाची वेगळी असते. मुलाचं खरं वय सांगा. दोन वर्षं वाढवून सांगितलं तर ते लिहून घेतलं जातं, आणि काही झालं तर जबाबदारी तुमच्यावर येते.

## टप्पा २ : महिना ठरवा

वैतिरी समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर श्वास लागत नाही, कडाक्याची थंडीही नसते. खरा प्रश्न पावसाचा आणि विजेचा असतो.

नैऋत्य मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास केरळात येतो आणि घाटमाथ्यावरचं लक्किडी तर फार पावसाचं ठिकाण म्हणूनच ओळखलं जातं. याच जिल्ह्यात ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला इथे दरडी कोसळून शेकडो माणसं गेली. जून ते ऑगस्टमध्ये कुटुंब घेऊन डोंगरउतारावरच्या झाडात राहायला जाऊ नका. "पावसात हिरवंगार दिसतं" हे खरं आहे, पण फोटोत.

आपली अडचण होते ती दिवाळीच्या सुट्टीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळात परतीचा पाऊस असतो, त्याला तिथे तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख, दुपारनंतर ढग, संध्याकाळी गडगडाट. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस हेच करतो. तुमचं घर उंच झाडावर, म्हणजे विजेला सगळ्यात जवळ. या दिवसांत जायचंच असेल तर खालची कॉटेज हाताशी असलेलीच जागा घ्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले. त्यातही नाताळचा आठवडा टाळा, कारण भाडं चढतं आणि घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात. माझं मत विचाराल तर जानेवारीत मुलांची दोन दिवस शाळा बुडवा आणि सोमवार ते गुरुवार जा.

## टप्पा ३ : फोन करून हे विचारा

बुकिंग इथेच ठरतं किंवा मोडतं. वेबसाइटवरची माहिती वाचून समाधान मानू नका. थेट त्या जागेवर फोन करा आणि व्यवस्थापकापेक्षा तिथे राहणाऱ्या केअरटेकरशी बोलायचा आग्रह धरा.

पहिला प्रश्न पायऱ्यांचा. मल्याळममध्ये पायरीला "पडी" म्हणतात. "एत्र पडी उंडु?", म्हणजे पायऱ्या किती आहेत, एवढं विचारलंत तरी समोरचा माणूस हसून खरा आकडा सांगतो. इंग्रजीत विचारलं की "नॉट मच सर" असं उत्तर मिळतं. आकड्याबरोबर प्रकारही विचारा : पक्का जिना आहे, उभी शिडी आहे की झुलता पूल? पायऱ्या तीसच असल्या तरी झुलत्या पुलावर आईबाबांचा हात धरून चालता येत नाही, कारण दोघं शेजारी मावत नाहीत.

दुसरा प्रश्न : घर कशावर उभं आहे? काही घरांचं वजन खरोखर जिवंत झाडाच्या खोडाने आणि फांद्यांनी पेललेलं असतं. काही घरं लोखंडी खांबांवर उभी असतात, झाड फक्त मधून जातं. दुसऱ्या प्रकाराला नाक मुरडू नका, म्हातारी माणसं आणि मुलं असताना तोच बरा. जिवंत झाडावरचं घर वाऱ्यात हलतं, करकरतं. झाड जाड होत जातं तसे पट्टे आणि बोल्ट सैल करून पुन्हा बसवावे लागतात. म्हणून "शेवटची दुरुस्ती कधी झाली?" हेही विचारा. उत्तर द्यायला माणूस अडखळला तर समजून घ्या.

मग कठडा. व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि केअरटेकरला गॅलरीत उभं राहायला लावा. कठडा त्याच्या कमरेच्या वर आला पाहिजे, साडेतीन फूट तरी हवाच. दोन गजांमधली फट चार इंचांपेक्षा जास्त असेल तर लहान मुलाचं डोकं आत जाऊ शकतं. फट बघायला फूटपट्टी नको, त्याला गजांमध्ये मूठ घालून दाखवायला सांगा. मूठ सहज फिरत असेल तर फट मोठी आहे.

आणखी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा :

- संडास-बाथरूम वर आहे की खाली? गरम पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळीच?
- वर किती माणसं झोपू शकतात? चार माणसांचं घर म्हणून दोन माणसांचं घर आणि दोन गाद्या देणारे पुष्कळ आहेत.
- गाडी कुठपर्यंत जाते? बऱ्याच जागी तुमची गाडी खाली राहते आणि शेवटचा चढ त्यांच्या जीपने जावा लागतो. आजीला जीपमध्ये चढताना स्टूल लागेल हे आत्ताच सांगा.
- वीज कडकडायला लागली तर पाहुण्यांना खाली आणता का, आणि कुठे?

शेवटच्या प्रश्नाला ठाम उत्तर आलं नाही तर ती जागा सोडा. पंचायतीचा परवाना आहे का हेही सरळ विचारा, लाजू नका. २०२१ च्या जानेवारीत मेप्पाडीजवळ तंबूत मुक्कामी असलेल्या एका पर्यटक महिलेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेव्हापासून परवान्याचा प्रश्न जिल्ह्यात सतत चर्चेत आहे. रीतसर चालणारा मालक या प्रश्नाने दुखावत नाही, उलट कागदाचा फोटो पाठवतो.

तपासा : फोन ठेवल्यावर टप्पा १ चा कागद काढा. प्रत्येक नावापुढे "वर", "खाली" किंवा "नाही" लिहा. एकाही नावापुढे "नाही" आलं तर पुढची जागा शोधा.

## टप्पा ४ : पैसे कधी आणि कसे भरायचे

इथला क्रम सगळ्यात जास्त चुकतो. लोक परत न मिळणारं बुकिंग आधी करतात आणि मग रेल्वेची प्रतीक्षा यादी बघत बसतात. असं करा :

१. खोली तोंडी किंवा थोडी आगाऊ रक्कम देऊन अडवून ठेवा, आणि किती दिवस धरून ठेवतील ते विचारा.
२. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी जाण्याची तिकिटं काढा, आणि परतीच्या तारखेचं आरक्षण उघडेल त्या दिवशी परतीची.
३. तिकीट पक्कं झालं की खोलीची उरलेली रक्कम भरा.

भाडं विचारताना "सगळं धरून किती" असं विचारा. एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के लागतो, त्याच्या आत सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. आलिशान ट्रीहाउस बहुतेक वरच्याच गटात येतं. म्हणजे १२,००० ची खोली प्रत्यक्षात १४,१६० ला पडते, आणि तीन रात्री धरल्या तर नुसता कर ६,४८० होतो. एवढ्यात कोझिकोडहून येण्याजाण्याच्या टॅक्सीचा बराचसा खर्च निघतो.

रद्द करण्याची अट व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. त्यात एक वाक्य आवर्जून मागा : हवामान खात्याने जिल्ह्यात रेड अलर्ट दिला किंवा प्रशासनाने प्रवास थांबवला तर पैसे परत, किंवा सहा महिन्यांत दुसरी तारीख. ऐकीव आश्वासन पुरत नाही. आमच्या पहिल्या खेपेला आईच्या खालच्या खोलीचे पैसे "अॅडजस्ट करू" असं सांगितलं गेलं होतं, निघताना ते कोणालाच आठवत नव्हतं.

## टप्पा ५ : चार वाजता पोचायचं, तिथून मागे मोजा

हिवाळ्यात तिथे सहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारतं. चढून जाणं, सामान वर नेणं, जिना ओळखीचा होणं याला दोन तास उजेड हवा. म्हणून आवारात चार वाजता.

मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडला, म्हणजे जुन्या कालिकतला पोचवते. पुण्याहून थेट गाड्या आठवड्यातून मोजक्याच दिवशी आहेत. कोझिकोड ते वैतिरी साधारण ६५ किलोमीटर. नकाशा दोन तास दाखवेल, तुम्ही तीन धरा. वाटेत अडिवारम लागतं. नावाचा अर्थच पायथा. तिथून तामरश्शेरी घाट सुरू होतो, नऊ मोठी वळणं आहेत. जेवण अडिवारमच्या आधी आटपा पण पोटभर नको. ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा, हातात आलेपाक द्या आणि मोबाइल काढून घ्या. शनिवार-रविवारी हा घाट तुंबतो. ड्रायव्हर कुट्टियाडी घाटाने जाऊया म्हणाला तर वाद घालू नका, तो रोज जातो.

बंगळूरमधली मराठी मंडळी गाडीने गुंडलुपेट-बंदीपूरमार्गे येतात. बंदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ खासगी वाहनांना बंदी आहे. "साडेनऊपर्यंत सोडतात" असं कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. परतीला उटीला वळणार असाल तर निलगिरी जिल्ह्याचा ई-पास आधी काढा आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या गाडीत ठेवू नका.

तपासा : आदल्या रात्री ड्रायव्हरला आणि केअरटेकरला एकमेकांचे नंबर द्या. शेवटच्या दोन किलोमीटरला मोबाइलची रेंज जाते आणि नकाशा फिरत बसतो.

## टप्पा ६ : सामान

चाकांच्या बॅगा घरी ठेवा. पाठीवरच्या सॅक घ्या, माणशी एक, आणि ज्याची त्याने उचलायची. वर न्यायचं सामान वेगळ्या पिशवीत, बाकीचं खाली ऑफिसात ठेवता येतं.

आवर्जून घ्यायचं : प्रत्येकाला स्वतंत्र बॅटरी (डोक्याला लावायची असेल तर उत्तम, दोन्ही हात कठड्याला राहतात), रबरी तळाच्या चपला, पूर्ण बाह्यांचे कपडे, एक स्वेटर, आजोबांच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या.

न घ्यायचं : स्टोव्ह, इंडक्शन, मेणबत्त्या, उदबत्ती आणि डासांची कॉइल. आमच्या बाबांनी संध्याकाळी लाकडी गॅलरीत उदबत्ती पेटवली, तेव्हा केअरटेकर जिन्यावरून ज्या वेगाने धावत आला त्या वेगाने मी तरी कोणाला जिना चढताना पाहिलं नाही. सगळं घर लाकूड, बांबू आणि वाळलेल्या झावळ्यांचं असतं. दिवा लावायची सवय असेल तर सेलवरची पणती न्या.

खाऊ न्या, पण झाकण फिरवून बंद होणाऱ्या डब्यात. तिथली माकडं चेन उघडतात. आमचे बेसनाचे लाडू दुपारी तीनला होते, सव्वातीनला नव्हते, आणि डबा फांदीवर होता. मुलांना खोबरेल तेलातली भाजी रुचेलच असं नाही, तर मेतकूट आणि साजूक तूप बरोबर असू द्या. भात कुठेही मिळतो. आजीचा उपवास असेल तर केळी आणि उकडलेली रताळी सांगून ठेवता येतात, साबुदाण्याची अपेक्षा नको.

## टप्पा ७ : वर चढण्याआधीचा आणि नंतरचा अर्धा तास

१. आधी एक मोठं माणूस रिकाम्या हाताने वर जातं. जिना, कठडा, दाराची कडी, बाथरूम बघून येतं. तोवर बाकीचे खाली चहा घेतात.
२. सामान केअरटेकर दोराने किंवा हाताने वर नेतो. तो पाहुण्यांबरोबर एकाच वेळी जिन्यावर नको.
३. मग मुलं. प्रत्येक मुलाच्या मागे, खालच्या पायरीवर एक मोठं माणूस.
४. शेवटी ज्येष्ठ. घाई नको. दुसऱ्या खेपेला आईने बावीस पायऱ्या मोजत चढल्या, दर सात पायऱ्यांना थांबून. वर पोचल्यावर म्हणाली, "पर्वतीपेक्षा सोपं आहे की." जागा वेगळी होती, जिना पक्का होता, आणि दुपारचे चार वाजले होते.

वर गेल्यावर लगेच फोटो काढत सुटू नका. मुलांना घेऊन गॅलरीभर फिरा आणि तीन नियम सांगा : कठड्यावर चढायचं नाही, खुर्ची कठड्याजवळ न्यायची नाही, वरून काही टाकायचं नाही. मग खुर्च्या स्वतः आत ओढून ठेवा, कारण दुसरा नियम तासाभरात विसरला जातो. केअरटेकरकडून दोन नंबर घ्या, आणि रेंज नसेल तर हाक मारायची की शिट्टी वाजवायची ते ठरवा. एकदा प्रत्यक्ष करून बघा.

## टप्पा ८ : रात्र

जेवण अंधार पडायच्या आत किंवा वरच मागवा. जेवायला खाली गेलात तर परत येताना केअरटेकरला बरोबर घ्या. रात्री आवारात एकट्याने शतपावली बंद, हत्ती आणि साप दोन्हींसाठी.

झोपण्याआधी दाराला वरची कडी लावा, मुलांचा हात पोचणार नाही अशी. जिन्याच्या तोंडाला फाटक असेल तर तेही. बाथरूमचा दिवा चालू ठेवा. ज्येष्ठांच्या उशाशी बॅटरी.

घर करकरेल. वारा आला की पलंग हलल्यासारखा वाटेल. मुलांना हे आधीच सांगितलं तर त्यांना गंमत वाटते, नाही सांगितलं तर दोन वाजता सगळं घर जागं.

खबरदारी : वीज आणि गडगडाट यांच्यातलं अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी झालं की खाली उतरा. जिना ओला होऊन निसरडा व्हायच्या आधीच. पैसे वसूल करायला वर बसून राहू नका.

## टप्पा ९ : जळवा आणि गोचिड्या

ओलसर दिवसांत पायवाटेवर जळवा चढतातच. मोजे पँटवर ओढून घ्या. लागलीच तर उपटू नका, मीठही टाकू नका. नखाने तिचं तोंड कडेने सरकवा, सुटते. जखम साबणाने धुऊन दाबून धरा. रक्त काही वेळ वाहतं, जळू ते गोठू देत नाही म्हणून. घाबरायचं कारण नाही, पण पांढरी चादर खराब होते आणि तिचे पैसे लागतात.

जानेवारी ते मे या काळात जास्त लक्ष गोचिड्यांवर. वायनाडमध्ये गोचिड्या चावून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आहे तोच ताप. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, केअरटेकरला सांगा. पालापाचोळ्यात बसू नका. संध्याकाळी मुलांच्या कानामागे, काखेत, कमरेच्या इलास्टिकखाली बघा. घरी परतल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना "वायनाडला जंगलात होतो" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

## टप्पा १० : उतरताना

उतरण्याचा क्रम चढण्याच्या उलट नाही, इथे पुष्कळजण फसतात. आधी सामान खाली, मग एक मोठं माणूस, मग ज्येष्ठ, मग मुलं, आणि सगळ्यात शेवटी दुसरं मोठं माणूस, पलंगाखाली आणि चार्जिंगच्या पिनेजवळ नजर टाकून. उभ्या शिडीवर तोंड झाडाकडे ठेवूनच उतरा. पहाटेच्या दवाने पायऱ्या ओल्या असतात, म्हणून नऊच्या आधी निघायची घाई करू नका. कोझिकोडची गाडी संध्याकाळची असेल तर जेवून निघालात तरी पोचता, घाटासाठी एक तास जास्तीचा धरा.

बिल खाली ऑफिसात उभं राहून वाचा. जीएसटीचा टक्का, जादा गादी, जीपच्या फेऱ्या, एवढ्या तीन ओळी बघितल्या तरी पुरे. केअरटेकरला बक्षिसी द्यायची असेल तर थेट त्याच्या हातात द्या.